मोरचूद, मॉइना आणि पंचगंगेचं पाणी: जड धातूंचा प्राणिप्लवकांवरचा परिणाम तपासायला सुरुवात कशी करावी

दरवर्षी जून-जुलैत प्राणिशास्त्राची मुलं प्रकल्पाचे विषय घेऊन येतात, आणि त्यातली दोन-तीन तरी हाच विषय आणतात: जड धातूंच्या प्रदूषणाचा गोड्या पाण्यातल्या प्राणिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगत जगणाऱ्या बारीक प्राण्यांवर, होणारा परिणाम. विषय चांगला आहे. कोल्हापुरात तर फारच चांगला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, खाली इचलकरंजीचं कापड रंगवण्याचं काम, हुपरीची चांदी, चहूकडे उसाचे मळे, शहराचं सांडपाणी आणि या सगळ्यातून वाहणारी पंचगंगा. प्रश्न अगदी दारात आहे.

पण बहुतेक जण एकच चूक करतात. तळ्यातून पाणी आणतात, एखाद्या प्रयोगशाळेतून धातू मोजून घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली जीव मोजतात आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून लिहून टाकतात की शिसं जास्त म्हणून जीव कमी. एवढ्यानं काहीही सिद्ध होत नाही. पाण्यात धातू किती आहे आणि त्यातला किती त्या जिवापर्यंत पोचतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मिळवायचं असेल तर तळ्यावरचं काम आणि बीकरमधलं काम दोन्ही करावं लागतं. ते कमी खर्चात आणि एका वर्षात कसं बसवायचं, ते इथे सांगतो.

आधी ओळख करून घ्या

काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी भरा आणि उजेडाकडे धरा. धक्के खात वरखाली होणारे ठिपके दिसतील. ते बहुधा क्लॅडोसेरा, म्हणजे आपण ज्यांना पाण्यातल्या पिसवा म्हणतो त्या: मॉइना, सेरिओडॅफ्निया, डायाफॅनोसोमा, कधी डॅफ्निया. तीरासारखे सरकणारे आणि मागे दोन अंड्यांच्या पिशव्या बाळगणारे सायक्लॉप्ससारखे कोपेपॉड. शिंपल्यात बसल्यासारखे दिसतात ते ऑस्ट्रॅकॉड. रोटिफर मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. ब्रॅकिओनस आणि केराटेला ही त्यातली दोन नावं तुम्हाला वर्षभर पुन्हा पुन्हा लिहावी लागतील.

यांचं काम मोठं आहे. ते पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणू खातात, आणि माशांची पिल्लं यांना खातात. कटला मासा तर मोठेपणीही मुख्यतः प्राणिप्लवकांवरच जगतो. त्यामुळे इथे बिघाड झाला की वरचे मासे आणि खालचं शेवाळ, दोन्हीकडे त्याचा परिणाम पोचतो.

सगळेच धातू सारखे नाहीत. तांबं आणि जस्त जिवाला थोड्या प्रमाणात लागतात, जास्त झाले की मारतात. शिसं, कॅडमियम आणि पारा यांचा प्राण्यांना काही उपयोग नाही. तांबं पिसवेच्या पायांवरच्या श्वसनपृष्ठातून सोडियम आत घेण्याच्या कामात अडथळा आणतं. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जिवाला बाहेरच्या पाण्यातून सतत मीठ ओढून घ्यावं लागतं, ते थांबलं की तो काही तासांत लुळा पडतो. कॅडमियम, जस्त आणि शिसं कॅल्शियमच्या वाटेनं आत शिरतात. पिसू दर काही दिवसांनी कात टाकते आणि नव्या कवचासाठी तिला कॅल्शियम लागतं, हे लक्षात घेतलं म्हणजे हा मार्ग किती नाजूक जागी आहे ते कळेल.

आता या सगळ्या विषयाचा कणा असलेली गोष्ट. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या दुष्फेन पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. ते कॅल्शियम धातूला त्या दारातून आत जाऊ देत नाही. सुफेन पाण्यात ही स्पर्धा नसते, म्हणून तेवढाच धातू कितीतरी अधिक घातक ठरतो. शिवाय पालापाचोळा कुजून आलेले आणि सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ तांब्याला धरून ठेवतात. धरलेलं तांबं मोजणीत दिसतं, पण जिवाला फारसं लागत नाही. म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात थोड्या तांब्यानं पिसवा मरतात आणि गढूळ पाण्यात त्याच्या दुप्पट तांबं असूनही त्या पोहत राहतात. दोन्ही निकाल बरोबर असतात. घाटातून नुकतंच उतरलेलं पावसाचं पाणी सुफेन, आणि बोअरचं पाणी बहुधा दुष्फेन. कोल्हापुरात दोन्ही हाताशी आहेत, हे आपलं भाग्य.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आहे. जस्ताची ५ मिलिग्रॅम. सुफेन पाण्यात डॅफ्नियाला मारायला वीस-तीस मायक्रोग्रॅम तांबंही पुरतं, आणि ५ मिलिग्रॅम जस्तात ती टिकतच नाही. पाणी माणसाला चालतं म्हणून ते तळ्यालाही चालतं, असा अर्थ कधी काढू नका. प्रकल्पात मानकाशी तुलना करायची असेल तर ते मानक कोणासाठी आहे, हेही लिहा.

जागा निवडताना

रंकाळा सगळ्यांना सुचतो. जवळ आहे, काठ बांधलेला आहे, पण नवख्यांसाठी तो अवघड आहे. तिथे सांडपाण्याचा इतिहास आहे, निळं-हिरवं शेवाळ माजतं आणि धातूचा परिणाम यांतून वेगळा काढणं जिकिरीचं होतं. रंकाळा घ्याच, पण एकटा घेऊ नका. त्याच्या जोडीला कळंबा घ्या, विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव घ्या. गणेशमूर्तींच्या रंगांतल्या धातूंचा प्रश्न असेल तर रंकाळ्याशेजारची इराणी खण घ्या. मूर्ती तिथे विसर्जित होतात, त्यामुळे विसर्जनाच्या आधीचा एक नमुना आणि नंतरचे तीन-चार अशी मालिका तिथे सहज बसते.

नदी घ्यायची असेल तर एक अडचण समजून घ्या. वाहत्या पाण्यात प्राणिप्लवकांना वाढायला वेळच मिळत नाही, ते वाहून जातात. पण आपल्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं आणि त्या तुंबलेल्या पाण्यात काही आठवड्यांत तळ्यासारखी जीवसृष्टी तयार होते. म्हणून नदीवरचं काम बंधाऱ्यांच्या फुगवट्यात करा. वरच्या बाजूला प्रयाग चिखलीचा संगम, मग जयंती नाला मिळतो त्याच्या खाली राजाराम बंधारा, आणि जमलं तर इचलकरंजीच्या पुढचं एक ठिकाण. वरचं ठिकाण अत्यावश्यक आहे. त्याच्याशिवाय खालच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

पावसाळ्यात नदीकडे जाऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. नमुना एक महिना चुकला तरी चालतो. काठावर एकट्यानं कधीच उतरायचं नाही आणि महाविद्यालयाचं पत्र खिशात ठेवायचं. जाळी पाण्यात टाकली की लोक गोळा होतात. कळंब्यावर एका म्हाताऱ्या मामांनी मला विचारलं होतं, "काय गावतंय व्हय त्यात?" मी बरणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे तर पोरं असतानाबी दिसायचं. आता कमी झालंय." अशा माणसांशी बोला आणि वहीत लिहून घ्या. तो पुरावा नव्हे, पण कुठे बघायचं ते कळतं.

पाणी आणि जीव गोळा करणं

वेळ ठरवून टाका, सकाळी सात ते नऊ म्हणा, आणि वर्षभर तीच पाळा. प्राणिप्लवक रात्री वर येतात आणि ऊन चढलं की खाली जातात. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी घेतलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

जाळी विकत मिळते. परवडत नसेल तर स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानातून अगदी बारीक नायलॉनचं कापड आणा. छिद्र साधारण ५० ते ६० मायक्रॉन हवं, यापेक्षा मोठं असलं की रोटिफर निसटतात. शंकूसारखं शिवून खाली छोटी बाटली बांधा. मग खुणा केलेल्या प्लास्टिकच्या बादलीनं मोजून ४० लिटर पाणी हळूहळू त्यातून ओता. बादली लोखंडी किंवा जस्ताची नको.

बाटलीत जमलेल्या नमुन्यात आधी थोडा साधा सोडा घाला, टपरीवर मिळतो तोच. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं जीव गुंगतात आणि रोटिफर आखडून गोळा होत नाहीत. काही मिनिटांनी फॉर्मेलिन घाला, १०० मिलिलिटरला ५ या हिशेबानं. फॉर्मेलिनच्या द्रावणात लिटरला ४० ग्रॅम साखर विरघळवून ठेवली तर पिसवा फुगत नाहीत आणि त्यांची अंडी बाहेर सांडत नाहीत. अंडी मोजायची असतील तर ही साखर विसरू नका.

धातूंसाठीचं पाणी वेगळ्या बाटलीत, आणि जाळी टाकण्याच्या आधी. पॉलिथिनची बाटली १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून डिस्टिल्ड पाण्यानं धुतलेली असावी. विरघळलेला धातू हवा असेल तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळा आणि मगच पीएच २ च्या खाली जाईपर्यंत नायट्रिक ॲसिड घाला. हा क्रम उलटला तर गाळाच्या कणांना चिकटलेला धातूही सुटून पाण्यात येतो आणि आकडा वाढतो. एका बाटलीत नुसतं डिस्टिल्ड पाणी घेऊन तीही तळ्यावर न्या, तिलाही तेच सगळं करा आणि इतर बाटल्यांबरोबर मोजायला द्या. त्या कोऱ्या बाटलीत शिसं निघालं तर दोष तळ्याचा नाही.

जागेवरच तापमान आणि पीएच घ्या, विरघळलेल्या ऑक्सिजनच्या बाटलीत रसायनं घालून तो तिथल्या तिथे पक्का करा. कठीणता (पाणी किती दुष्फेन आहे ते) आणि अल्कता (पाणी किती आम्ल पचवू शकतं ते) प्रयोगशाळेत त्याच दिवशी काढा. कठीणता न मोजता धातू मोजायला पैसे घालवू नका, असं मी मुलांना स्पष्ट सांगतो.

मोजणी

सेजविक-राफ्टर कप्पा ५० बाय २० मिलिमीटर आणि १ मिलिमीटर खोल, म्हणजे बरोबर एक मिलिलिटर. नमुना हलवून एक मिलिलिटर घ्या, सगळे जीव मोजा आणि असं निदान तीन वेळा करा. समजा ४० लिटर पाणी गाळून नमुना ६० मिलिलिटर झाला आणि तीन मोजण्या ४२, ३८ आणि ४६ आल्या. सरासरी ४२. ४२ गुणिले ६० भागिले ४०, म्हणजे लिटरला ६३ जीव.

ओळख पटवताना घाई करू नका. पहिल्या दोन महिन्यांत प्रजातीपर्यंत जायचा हट्ट नको. क्लॅडोसेरा, कोपेपॉड, त्यांची नॉप्लियस पिल्लं, रोटिफर आणि ऑस्ट्रॅकॉड असे पाच रकाने भरा. अंडी असलेल्या माद्यांचा वेगळा रकाना ठेवा. चुकीचं प्रजातीनाम लिहिण्यापेक्षा बरोबर गटनाव लिहिलेलं बरं.

जीव कमी दिसले तर आरोपी कोण

या पायरीला पुस्तकात फारशी जागा नसते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

धातूंच्या प्रदूषणात साधारणपणे मोठ्या पिसवा आधी जातात आणि लहान, चिवट रोटिफर उरतात. पण हेच चित्र आणखी तीन कारणांनी दिसतं. तळ्यात तिलापियासारखे मासे खूप असतील तर ते मोठे, सहज दिसणारे जीव आधी खातात. मायक्रोसिस्टिस हे निळं-हिरवं शेवाळ माजलं तर त्याचे पुंजके पिसवांच्या खाण्याच्या चाळणीत अडकतात आणि त्याची विषंही असतात. आणि सांडपाण्यानं ऑक्सिजन उतरला तरी नाजूक जीव जातात. पंचगंगेत उन्हाळ्यात मासे तरंगल्याच्या बातम्या येतात, तेव्हा लोक लगेच रसायनाचं नाव घेतात. मळीचं किंवा मैल्याचं पाणी नदीत आलं की त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात. तेवढ्यानंही मासे मरतात, त्यासाठी धातू लागत नाही.

म्हणून तळ्यावरच्या वहीत दर वेळी या चार गोष्टी लिहा: पाण्याचा रंग आणि वर तवंग आहे का, मासेमारी चालू आहे का, ऑक्सिजन किती, जलपर्णी किती. नुसत्या मोजणीवरून एकाच आरोपीला धरणं अन्यायाचं आहे, मग तो आरोपी कारखाना असो वा शेतकरी. आणि खरा दोषी सुटू नये म्हणूनही हे करायचं. कच्च्या पुराव्याचा सगळ्यात जास्त फायदा प्रदूषण करणाऱ्यालाच होतो.

घरची पिसू पाळा

बीकरमधल्या चाचणीला एकसारखे जीव लागतात. परदेशी पुस्तकांत सगळीकडे डॅफ्निया मॅग्ना दिसेल, पण ती थंड प्रदेशातली. आपल्या तळ्यांत सापडणारी मॉइना किंवा सेरिओडॅफ्निया घ्या. निकाल आपल्या पाण्याला लागू पडेल आणि परका जीव चुकून तळ्यात जायची भीती राहणार नाही.

स्वच्छ ठिकाणच्या नमुन्यातून अंडी भरलेली एकच मादी ड्रॉपरनं उचला आणि वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवा. अनुकूल पाण्यात ती नराशिवाय पिल्लं देते, त्यामुळे आठवड्याभरात एकाच आईची मोठी वसाहत, म्हणजे कल्चर, तयार होते. खायला उन्हात ठेवून हिरवं केलेलं पाणी, किंवा बेकरीतल्या यीस्टचं अगदी पुसट द्रावण. पाणी दुधट दिसलं तर यीस्ट जास्त झालं आहे. तापमान २५ अंशांच्या आसपास आणि स्थिर ठेवा. तीन-चार बरण्या वेगवेगळ्या दिवशी सुरू करा, एक गेली तर काम थांबत नाही.

नळाचं पाणी थेट वापरू नका. क्लोरीन पिसवांना काही तासांत मारतं. पाणी दोन दिवस उघडं ठेवून हवा सोडा. आणि एक गोष्ट मी फार महागात शिकलो. एका वर्षी माझ्या सगळ्या बरण्या दोन दिवसांत रिकाम्या झाल्या. क्लोरीन नव्हतं, तापमान ठीक होतं, खाणंही तेच. आठवडाभर शोधल्यावर कळलं की प्रयोगशाळेतला जुना प्लास्टिकचा नळ बदलून नवा पितळी बसवला होता, आणि मी सकाळी पहिलं, रात्रभर नळात थांबलेलं पाणी भरत होतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जे विष मोजायला मी निघालो होतो, तेच मी कल्चरला पाजत होतो. तीन मुलांचं एक महिन्याचं काम गेलं, आणि त्यांना ते सांगताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून पाण्याच्या वाटेवरची प्रत्येक वस्तू मी तपासतो: नळ, कळशी, हवेच्या पंपाची तोटी.

मोरचुदाची चाचणी

नवख्यांनी तांब्यापासून सुरुवात करावी. कॅडमियम आणि पाऱ्याचे क्षार तुमच्यासाठीही धोक्याचे आहेत, ते अनुभव आल्यावर आणि शिक्षक शेजारी असताना. तांब्यासाठी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, लागतो, पण शेतीच्या दुकानातला नको, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्या.

मोरचुदाच्या निळ्या खड्यात पाणीही असतं, त्यामुळे ३.९३ ग्रॅम मोरचुदात एकच ग्रॅम तांबं येतं. निम्मी मुलं इथेच चुकतात. ०.३९३ ग्रॅम मोरचूद एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, की लिटरला १०० मिलिग्रॅम तांब्याचं स्टॉक झालं. त्यातले १० मिलिलिटर घेऊन १०० करा: लिटरला १० मिलिग्रॅम. आता कल्चरच्याच पाण्यानं एक-एक लिटरचे पाच फ्लास्क भरताना त्यांत या द्रावणाचे अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ मिलिलिटर घाला. तांबं होईल लिटरला १०, २०, ४०, ८० आणि १६० मायक्रोग्रॅम. सहावा फ्लास्क नुसत्या पाण्याचा, तो कंट्रोल.

चाचणीला २४ तासांच्या आतली पिल्लं घ्यायची. आदल्या संध्याकाळी अंडीवाल्या माद्या ताज्या पाण्यात हलवा, सकाळी तिथे जी पिल्लं सापडतील ती हमखास त्या रात्रीची. ड्रॉपरचं टोक रुंद असू द्या आणि पिल्लू पाण्याच्या आत सोडा. वरून थेंब टाकला तर कवचाखाली हवा शिरते, ते तरंगत राहतं आणि विनाकारण मरतं.

प्रत्येक प्रमाणाला चार बीकर आणि प्रत्येकात पाच पिल्लं, म्हणजे सहा फ्लास्कना मिळून २४ बीकर आणि १२० पिल्लं. एका पिल्लामागे निदान २ मिलिलिटर पाणी हवं, पण ५० मिलिलिटर घेतलं तर काम सोपं जातं. बीकर आधी त्याच द्रावणानं विसळा, कारण धातू काचेला चिकटतो. चाचणीच्या काळात खाणं द्यायचं नाही, खाण्याला तांबं चिकटतं. बीकरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि वाचणाऱ्याला कोणत्या बीकरमध्ये किती तांबं आहे ते माहीत नसेल तर उत्तम.

२४ आणि ४८ तासांनी वाचन घ्या. बीकर हलकेच हलवा आणि १५ सेकंद बघा. त्या वेळात जी पोहली नाही ती निश्चल धरायची. मेली की नाही याचा वाद घालत बसू नका. कंट्रोलमध्ये वीसपैकी दोनपेक्षा जास्त निश्चल असतील तर अख्खी चाचणी रद्द. एखादा फ्लास्क वगळून निकाल वाचवायचा मोह होतो, तो टाळा. मॉइना लहान असते, उपाशीपोटी ४८ तास तिला जड जाऊ शकतात. कंट्रोल ढासळत असेल तर २४ तासांचाच निकाल घ्या आणि तसं लिहा.

आता हिशेब. समजा वीसपैकी निश्चल झाल्या अनुक्रमे ०, २, ८, १५ आणि २०. म्हणजे ४० मायक्रोग्रॅमला ४० टक्के आणि ८० ला ७५ टक्के. प्रमाण लॉग पट्टीवर घेऊन या दोन बिंदूंमध्ये रेष ओढली की ५० टक्क्यांचा बिंदू साधारण ४९ मायक्रोग्रॅमवर येतो. पुढे हाच बिंदू गणितानं काढायची प्रोबिट पद्धत शिकाल, पण आधी आलेख हातानं काढा. चुकीचा बिंदू हाताला लगेच कळतो.

यानंतर हीच चाचणी बोअरच्या आणि घाटातल्या पाण्यात पुन्हा करा. पिल्लं त्या पाण्यात आधी काही दिवस रुळलेली हवीत. दोन्ही वेळी ५० टक्क्यांचा आकडा वेगळा येईल. तो फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कठीणतेचं महत्त्व मनात बसत नाही.

तळ्याच्या पाण्याला प्रश्न विचारणं

आता दोन्ही कामं जोडायची. संशयित ठिकाणचं पाणी बारीक गाळून त्यात तुमची पिल्लं ठेवा. ती टिकली तर त्या दिवशी त्या पाण्यातला विरघळलेला धातू त्यांना ४८ तासांत मारण्याइतका नव्हता, मोजणी काहीही म्हणो. मेली, तर दोन गोष्टी करा. हवा सोडून पुन्हा पाहा: आता जगली तर दोष ऑक्सिजनचा किंवा क्लोरीनसारख्या उडून जाणाऱ्या पदार्थाचा असू शकतो. दुसरं, त्याच पाण्यात लिटरला काही मिलिग्रॅम ईडीटीए घाला. कठीणता काढताना तुम्ही जे वापरता तेच. ते तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं यांना घट्ट पकडतं. ईडीटीए घातल्यावर पिल्लं जगली आणि न घालता मेली, तर धातूंवरचा संशय पक्का होतो. नुसत्या ईडीटीएचा वेगळा कंट्रोल हवाच, कारण जास्त झालं तर तेही मारतं.

या एका चाचणीनं प्रकल्पाला जे वजन येतं ते वर्षभराच्या धातूंच्या तक्त्यांनी येत नाही. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा मोजण्या निम्म्या करा, पण ही चाचणी सोडू नका.

मरण हा उशिरा दिसणारा परिणाम आहे. त्याच्या बऱ्याच आधी पिसू कमी खाते, तिची वाढ खुंटते आणि पिल्लं घटतात. सेरिओडॅफ्निया एकेकटी वेगवेगळ्या बीकरमध्ये ठेवून, खाणं देऊन, आठवडाभर रोज पिल्लं मोजली तर तीन वेती मिळतात आणि हा फरक दिसतो. पहिल्या वर्षी जमलं नाही तर दुसऱ्या वर्षी करा.

सांडपाणी आणि सुरुवातीची तारीख

वापरलेली सगळी द्रावणं झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये जमा करा, वर धातूचं नाव, प्रमाण आणि तारीख लिहा, आणि घातक कचरा म्हणून महाविद्यालयामार्फत द्या. मोरीत ओतायची नाहीत. ती मोरी नाल्याला मिळते आणि नाला नदीला. फॉर्मेलिनचंही तेच. पाळलेल्या पिसवाही तळ्यात परत सोडू नका.

वेळापत्रक असं बसतं: जून ते सप्टेंबर कल्चर जमवा आणि मोरचुदाच्या चाचण्या उरका, हात बसू दे. गणपतीच्या आधी इराणी खणीचा पहिला नमुना. तलावांचे नमुने दर महिन्याला. नदीसाठी पाऊस ओसरून बरगे बसण्याची वाट बघा, पाणी तुंबल्यावर तीन आठवडे जाऊ द्या, आणि मग एका सकाळी सातला प्रयाग चिखलीवर पहिली बादली भरा.